तलावाकाठची शर्यत

वाचकहो, मासे धरण्याची शर्यत म्हटली की तुम्ही हसाल. शंकरपट समजतो, कुस्त्यांचा फड समजतो; पण पाण्यात गरी टाकून चार तास बसायचे, याला काय शर्यत म्हणायचे? मीही असाच हसलो होतो. आणि त्या शर्यतीत सपशेल हरलोही. पण तीस वर्षांच्या नोकरीत जे शिकलो नव्हतो, ते मी त्या हरण्यात शिकलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव वर्धा जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातले. नाव सांगत नाही. का, ते पुढे तुमच्या लक्षात येईलच. २०२४ चा मार्च महिना. तूर, हरभरा घरात आला होता, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. गावतलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे. गावच्या पोरांनी संस्थेला विचारून शर्यत ठरवली. नियम साधे. सकाळी सहा ते दहा, जाळे नाही, माणशी एकच काठी. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायच्या आणि जोडीचे वजन मिळून धरायचे. अर्ध्या किलोखालचा मासा लगेच पाण्यात सोडायचा, मोठा निघेल तो संस्थेचा. बक्षीस म्हणजे दुपट्टा, टोपी आणि नारळ. "साहेब, तुम्हीपण बसा," म्हणून मलाही ओढले.

अशी शर्यत म्हणजे पोरखेळ असे मात्र समजू नका. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी हजारो माणसे अशा शर्यतीत उतरतात. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या एका विमा विक्रेत्याने तिकडे अशी मोठी शर्यत भरवली, आणि १९७२ पासून धरलेला मासा जिवंत सोडण्याची चाल पाडली. पण मला जास्त आवडते ती जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकरी पोराची गोष्ट. तारीख २ जून १९३२, म्हणजे आपल्या मृगाच्या तोंडावर. मंदीचे दिवस, घरात ओढगस्त. पावसाने शेतात चिखल, नांगर चालेना, म्हणून गडी मित्राला घेऊन पाण्यावर गेला. त्या दिवशी त्याने धरलेला बास दहा किलोंहून थोडा जास्त भरला. तो विक्रम पुढे सत्त्याहत्तर वर्षे टिकला. २००९ साली जपानात एकाने त्याची बरोबरी केली. पेरीच्या घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला!

असो. आपण आपल्या तलावावर येऊ. संस्थेतले एक म्हातारे, सारे त्यांना बाबाजी म्हणतात, ते आम्हा नवशिक्यांना धडे देत होते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हे मी पुस्तकात वाचले होते. पण पुढचे पुस्तकात नव्हते. ज्वारीच्या धांड्याचा गाभा दोऱ्याला बांधून त्यांनी पाण्यावर तरंगत ठेवला, गरीला कणकेची गोळी लावली आणि म्हणाले, "साहेब, हे हाललं का लगेच ओढू नोका. मासा आधी चाखते. एकदा चाखते, दोनदा चाखते, मंग तोंडात घेते. घाई केली तं गरी रिकामी येते."

माझ्या जोडीला चिठ्ठीत आला तो गावचाच एक शेतकरी, वय चाळिशीच्या आतले. चार एकर कोरडवाहू, एक ओलिताचे. मी त्याला दहा वर्षे ओळखतो. पूर्वी हा माणूस सभेत उठून प्रश्न विचारायचा. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, खोडकूज-मूळकूज आली, शेंगा भरल्याच नाहीत. त्यात त्याचेही शेत गेले. तेव्हापासून तो गप्प. मी दोनदा त्याच्या घरी गेलो होतो. बीजप्रक्रिया सांगितली, फेरपालट सांगितली, योजनेचा कागद हातात दिला. तो "हो साहेब" म्हणाला. मी समाधानाने परतलो.

आम्ही दोघे काठावर शेजारी बसलो. तोंडे पाण्याकडे. पहिला तासभर कोणीच बोलले नाही. शर्यतीत बोलायचे नसते, मासा बुजतो, हे निमित्त बरे होते. मग तो आपणहून म्हणाला, "यंदा तलावाले पानी बरं हाये." मी नुसते "हो" म्हणालो. थोड्या वेळाने म्हणाला, "मार्चअखेर आला साहेब." माझ्या जिभेवर पीककर्जाचे सारे नियम आले होते. पण बाबाजींचे बोल आठवले आणि मी गप्प राहिलो.

आणखी पंधरा मिनिटे गेली. मग तो पाण्याकडेच पाहत बोलू लागला. बँकेचे देणे, कृषी केंद्राची उधारी, बहिणीच्या लग्नात हातउसने घेतलेले. घरी बायकोला यातले अर्धेही माहीत नव्हते. "रातच्याले झोप नाही लागत साहेब. ओलिताले जाव म्हनतो, पन विहिरीपाशी एकट्यानं जायाचा भेव वाटते."

त्याच वेळी माझा धांडा बुडाला. चांगला हातभर खाली गेला. मी पाहिला आणि काठीला हात लावला नाही. पुन्हा एकदा बुडाला, तेव्हाही नाही. तो बोलत होता.

दहा वाजता काटा लागला. नववीतल्या एका पोरीने सव्वातीन किलोचा कटला काढून नारळ जिंकला. आमच्या जोडीचे वजन शून्य. पोरे म्हणाली, "साहेब, तुमच्या योजनेसारखंच झालं, काट्यावर काहीच नाही येत!" सगळे हसले, तोही हसला. दोरे गुंडाळताना मी पाहिले, त्याच्या गरीला कणीक लावलेलीच नव्हती.

त्याच दुपारी, त्याला विचारून, आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो. त्याची बायकोही बसली. सगळ्या चिठ्ठ्या, पासबुके काढली आणि देणे एका कागदावर लिहिले. एकूण आकडा मोठा होता. पण रात्री अंधारात त्याला दिसत होता तेवढा नव्हता. बायको म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं तं!" विहिरीवर एकटे जायचे नाही, एवढे तिने तिथेच ठरवून टाकले. पुढच्या आठवड्यात ती दोघे मिळून बँकेत गेली. देणे अजून फिटलेले नाही, थोडे थोडे फिटते आहे. पण सभेत तो पुन्हा प्रश्न विचारतो, तेही अडचणीचे.

वाचकहो, आम्हा कृषी खात्याच्या माणसांना सल्ला देण्याची फार घाई. तुम्हा घरच्यांनाही असते: "धीर धर", "सगळ्यांचंच असं आहे". बोलणे खरे असते, पण फार लवकर येते, आणि समोरचा "हो" म्हणून मिटून जातो. माणूस काही मासा नव्हे. पण मनातले बोलण्याआधी तोही एकदोनदा चाखून पाहतो. तुमच्या घरात, शेजारी कोणी असा गप्प झाला असेल, तर त्याच्या समोर बसून विचारपूस करू नका. त्याच्या शेजारी बसा. बांधावर बसा, बैलांना पाणी पाजताना उभे राहा, तलावावर गरी टाका. हात कामात असू द्या, डोळे दुसरीकडे असू द्या. तो बोलला की मध्ये तोडू नका, आणि त्याला एकटे सोडू नका. भार फारच झाला असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. त्यावर बोलायला लाजू नका.

यंदाही तलावावर शर्यत आहे म्हणतात. आमच्या जोडीने नाव दिले आहे. या खेपेला गरीला कणीक लावायची, एवढे मात्र ठरले आहे.