ब्लेडवर फुकट

होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा बेसबॉलपटू. 1909 ते 1911 या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून खेळाडूंची बोटभर चित्रं वाटली जात, त्यांत त्याचंही चित्र निघालं आणि लगेच बंद झालं. कोणी म्हणतं, पोरं चित्राच्या नादाने सिगारेटी घेतील हे त्याला रुचलं नाही. कोणी म्हणतं, पैशांचं जमलं नाही. काहीही असो, थोडीच चित्रं बाहेर आली. त्यांतलं एक 2022 मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. आपल्या पैशात सुमारे 57 कोटी, आणि मूळ भाव विचाराल तर फुकट.

याच वॅग्नरने 1910 मध्ये जिलेटच्या रेझरच्या जाहिरातीला मात्र आपला चेहरा दिला. तंबाखूला नाही, दाढीला हो. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस एकदम आवडला. अमेरिकेत आज त्या जाहिरातींची कात्रणं, बेसबॉलचं नाव छापलेले रेझरचे डबे, कंपन्यांनी वाटलेल्या आकडेवारीच्या चोपड्या जपणारी माणसं आहेत. प्लॅस्टिकच्या पाकिटात, हात न लावता, उन्हापासून लांब. त्यांचं कौतुक वाटतं आणि थोडं हसूही येतं, कारण मी नरडाण्याचा. आमच्याकडे फुकट आलेली वस्तू जपत नाहीत, वापरतात. ती फाटते, झिजते आणि एक दिवस चुलीत जाते.

नरडाणा म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ लाइनीवरचं स्टेशन. अलीकडे शिंदखेडा, पलीकडे बेटावद, मग अमळनेर. मुंबई-आग्रा रस्ता गावाजवळून जातो, त्यामुळे धुळ्याहून शिरपूरकडे जाणारे ट्रक रात्रभर कानात असतात. आता एमआयडीसीमुळे लोक गावाचं नाव तरी ऐकून असतात; पूर्वी 'कोणतं गाव' विचारल्यावर 'शिरपूरच्या अलीकडे' असं सांगावं लागे. बेसबॉल तिथे कधी आला नाही. आलं ते क्रिकेट, आणि ते आलं न्हाव्याच्या दुकानात.

पण ते तिथवर आलं कसं, हा प्रवास मोठा गमतीचा आहे. तो दाढीच्या ब्लेडनेच घडवला, असं माझं ठाम मत आहे.

किंग कॅम्प जिलेट यांनी 1903 साली आपला नवा रेझर बाजारात आणला तेव्हा वर्षभरात 51 रेझर आणि 168 ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले. रेझर फुकट द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं ही युक्ती त्यांच्या नावावर खपवतात, पण ती दंतकथा. त्यांचा पहिला रेझर पाच डॉलरचा होता, म्हणजे त्या काळी चांगलाच महाग. फुकट वाटायची हौस कंपनीला पुढे लागली आणि तीही वेगळ्या वाटेने. 1939 मध्ये जिलेटने एक लाख डॉलर मोजून बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या रेडिओ प्रक्षेपणाला आपलं नाव जोडलं. न्यूयॉर्क यांकीजने सिनसिनाटी रेड्सला ओळीने चार सामन्यांत गारद केलं, मालिका लवकर आटोपली. एवढे पैसे ओतलेल्या कंपनीच्या पोटात गोळाच आला असणार! पण त्या मालिकेसाठी काढलेले खास रेझर धडाधड खपले आणि जिलेटला कळून चुकलं की रेडिओला कान लावून बसलेल्या पुरुषाच्या गालावर साबण लावणं सोपं असतं.

हेच शहाणपण 1963 मध्ये इंग्लंडात कामी आलं. काउंटी क्रिकेटला प्रेक्षक मिळेनासे झाले होते. तीन दिवस चालणारा सामना बघायला नोकरदार माणसाला कुठून सवड? म्हणून एका दिवसात निकाल लावणारी स्पर्धा काढली, प्रत्येकी 65 षटकांची, आणि तिला नाव मिळालं जिलेट कप. पहिला सामना लँकशायर आणि लेस्टरशायर यांच्यात ओल्ड ट्रॅफर्डला झाला. एका दिवसाचा म्हणून काढलेला हा सामना पावसाने दोन दिवस चालवला. इंग्लंडचा पाऊस कोणाचं ऐकतो? सप्टेंबरात लॉर्ड्सवर ससेक्सने वूस्टरशायरला 14 धावांनी हरवून पहिला कप उचलला. पुढच्या वर्षी षटकं 60 झाली, आणि हाच साठीचा हिशेब 1975 च्या पहिल्या विश्वचषकात जसाच्या तसा आला. त्या साठ षटकांत सुनील गावसकरांनी इंग्लंडविरुद्ध 174 चेंडूंत नाबाद 36 केल्या, हे आमच्या गावात अजून कोणी विसरलेलं नाही. गावसकरांचा भक्तसुद्धा तो विषय निघाला की खाली मान घालून चहा ढवळतो.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1983 चा विश्वचषकही साठ षटकांचाच. 25 जूनला लॉर्ड्सवर कपिल देवच्या हातात तो आला आणि थोड्याच काळात कपिल पामोलिव्ह शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीत गालावर फेस घेऊन उभा राहिला. 'पामोलिव्ह दा जवाब नहीं' हे वाक्य आमच्या शाळेत गणिताच्या उत्तरालाही लावलं जाई. वर्तुळ असं पूर्ण झालं: दाढीच्या कंपनीने एका दिवसाचं क्रिकेट वाढवलं, त्या क्रिकेटने कपिलला घडवलं आणि कपिल पुन्हा दाढीच्या क्रीमकडे आला. फक्त कंपनी वेगळी.

जिलेटच्या हाती काय लागलं? 1980 नंतर त्यांनी ती स्पर्धा सोडली. जिलेट म्हटलं की लोकांना रेझर आठवेना, क्रिकेट आठवायला लागलं होतं. दान इतकं मोठं झालं की दात्याचं दुकानच झाकोळलं. संग्राहक जिला जाहिरातीसोबतची भेटवस्तू म्हणतात, तिचा याहून मोठा नमुना मला दिसत नाही. कप, मग, स्टिकर ही फुटकळ कामं. ब्लेडवर फुकट मिळालेली खरी वस्तू म्हणजे एकदिवसीय क्रिकेट. ती 57 कोटींच्या चित्रासारखी कपाटात ठेवता येत नाही, म्हणून तिचा लिलाव होत नाही, एवढंच.

मधली एक गाठ मुंबईचीही आहे. दादर पारशी कॉलनीतले फारुख इंजिनिअर केसांच्या ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत झळकले. त्याआधी त्या बाटलीवर मान होता डेनिस कॉम्प्टन, कीथ मिलर अशांचा. हेच इंजिनिअर 1968 पासून लँकशायरकडून खेळले, आणि 1970, 71, 72 अशी तीन वर्षं ओळीने जिलेट कप लँकशायरनेच नेला. केसांना एका कंपनीची चमक आणि हातात दुसऱ्या कंपनीचा कप. यष्टीमागे उभं राहून सगळ्या पुरुषी प्रसाधनांची बाजू एकट्याने सांभाळणारा दुसरा खेळाडू मला आठवत नाही.

आता न्हाव्याच्या दुकानात येतो.

बाजारपेठेतल्या आप्पा न्हाव्यांच्या त्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. एकीची मान टेकवायची गादी उसवलेली, म्हणून तिच्यावर फक्त पोरं बसवत, तीही हातांवर आडवी फळी ठेवून. आप्पांच्या वडिलांच्या काळात दुकान नव्हतंच. ते धोकटी घेऊन वाड्यावर यायचे, ओट्यावर समोरासमोर उकिडवे बसून दाढी व्हायची आणि पैसे नव्हे, सुगीला बलुतं मिळायचं, ज्वारी नाहीतर बाजरी. आप्पांनी खुर्ची आणली, आरसे लावले, रेडिओ ठेवला आणि रोख मागायला सुरुवात केली. गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना यातली शेवटची सुधारणा पसंत नव्हती.

आरशाच्या वर कपिल होता. कुठल्याशा मासिकातलं जाहिरातीचं पान, गव्हाच्या खळीने चिकटवलेलं. शेजारी संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'मधून काढलेली दोन-तीन चित्रं, आणि एका कोपऱ्यात धुळ्याच्या एजंटाने दिलेलं सामन्यांचं वेळापत्रक, ज्याच्या खाली ब्लेडचं नाव होतं. फळीवर एक प्लॅस्टिकचा मग होता, तोही कुठल्यातरी क्रीमवर फुकट आलेला. ब्रश घासून घासून त्याच्यावरच्या फलंदाजाचे पाय उडाले होते, बॅट तेवढी शिल्लक. त्या मगात ब्रश उभा राही आणि शेजारच्या वाटीत पाणी. वाटीभरच पाणी, कारण तालुका आमचा दुष्काळी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात दाढीला नळ सोडण्याची चैन कुणाला सुचणार?

ब्लेड टोपाझ, अशोक, भारत, असेल ते. आप्पा ते कागदातून न काढता उभं धरायचे, दोन्ही अंगठ्यांनी लांबीत वाकवायचे. बारीक 'कट्' असा आवाज यायचा आणि आत एका ब्लेडची दोन झालेली असायची. अर्धं वस्तऱ्याच्या खोबणीत, उरलेलं अर्धं त्याच कागदात गुंडाळून खिशात. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगठ्याला लागलेलं मी पाहिलं नाही. वापरून झालेली ब्लेडंही वाया जात नसत. एखादं शिंप्याकडे उसवणीला जाई, एखादं आमच्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायला.

1987 चा नोव्हेंबर. रानात कापूस वेचणी चाललेली, तरी 5 तारखेला सकाळपासून दुकान भरलेलं. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. आम्ही पोरं उंबऱ्यात. ज्यांना दाढी करायची नव्हती तेही गालावर हात फिरवत बाकावर बसलेले, कारण रेडिओ ऐकायला यायचं तर काहीतरी निमित्त पाहिजे. ग्रॅहम गूच स्वीप मारतोय, पुन्हा स्वीप मारतोय, आणि प्रत्येक चौकाराला आप्पांचा वस्तरा हवेत थांबतोय. खुर्चीतल्या माणसाचा फेस वाळून पापडी धरायला लागली, तो कुरकुरला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बठ ना भो, हाई ओव्हर व्हवू दे."

गूचने 115 केल्या, इंग्लंडने 254. मग गावसकर चारावर त्रिफळाचीत. पाचच दिवसांपूर्वी त्यांनी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध आपलं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक ठोकलं होतं, त्यामुळे दुकानात क्षणभर कोणाचा विश्वासच बसेना. तरी कपिल होता. तो हेमिंग्जला उचलायला गेला आणि मिडविकेटला गॅटिंगच्या हातात. भारत 219. रेडिओ बंद करून आप्पांनी आरशावरच्या कपिलकडे बघून जी शिवी दिली, ती इथे छापण्यासारखी नाही. पण पान फाडलं नाही. वर्षभरात ते आरशाच्या वाफेने आणि माशांनी आपोआप गेलं, आणि त्या जागी दुसरं लागलं.

त्याच सुमारास दुकानासमोरच्या टपरीत बिग फन नावाचा बबलगम मिळे. त्याच्या कागदावर धावा आणि विकेटा छापलेल्या असत. त्या जमवून पानं भराभर उलटली की खेळाडू हलताना दिसेल अशी चोपडी मिळायची. आमच्यातल्या एकाकडे ती आली. आठवडाभरात अर्ध्या आळीने पानं उलटून उलटून तिचा शिवणदोराच सुटला, आणि फलंदाजाचा फटका कायमचा अर्धा राहिला. कोणाला वाईट वाटलं नाही. उलटायलाच तर दिली होती!

पुढे दाढीच्या कंपन्यांना आमच्यासारख्या गावांची नव्याने आठवण झाली. जिलेटने नव्या शतकाच्या सुरुवातीला भारतासाठी म्हणून एक रेझर काढला आणि तो तपासला कोणावर, तर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलांना आवडला. इथे आपटला. कारण त्या मुलांच्या वसतिगृहात नळाला धो धो पाणी होतं आणि इथला माणूस वाटीत बुडवून दाढी करतो. केस पात्यांत अडकून बसले. मग कंपनीची माणसं भारतात आली, घराघरांत बसली, जमिनीवर आरसा टेकवून दाढी करणारे पुरुष त्यांनी पाहिले आणि 2010 मध्ये जिलेट गार्ड आणला. एका पात्याचा, पंधरा रुपयांना, बदली पातं पाच रुपयांना. इतक्या साध्या गोष्टीसाठी त्यांना साता समुद्रांचा फेरा पडला. आप्पांना विचारलं असतं तर वाटी पुढे सरकवून त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं.

आणि त्याच कंपनीने भारतात चेहरा निवडला राहुल द्रविडचा. हा निवाडा मात्र मला अगदी अचूक वाटतो. त्याचा बचाव ज्याने पाहिलाय त्याला पटेल की हा माणूस दाढी करतानाही घाईचा फटका मारणार नाही. मराठी घरातला, जन्म इंदूरचा. वडील किसान जॅमच्या कंपनीत, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं 'जॅमी'. म्हणजे पोराच्या टोपणनावावरही जाहिरात आधीच बसलेली! इंदूर आमच्याच रस्त्यावर, शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे. मनमाड-इंदूर रेल्वे नरडाण्यावरून जायची आहे म्हणून गावात चर्चा रंगते तेव्हा एखादा म्हणतोच, की मग द्रविडच्या गावाला थेट गाडी.

आप्पा आता दुकानात येतात ते फक्त बसायला. वस्तरा मुलाच्या हातात आहे. रेडिओ गेला, भिंतीवर टीव्ही आला, त्यात आयपीएल. चित्रं गेली, पोरं मोबाइल पुढे करून जडेजा दाखवतात, कोहली दाखवतात, तशीच पाहिजे म्हणतात. सगळे दाढीवाले. ज्या खेळाला ब्लेडच्या कंपनीने हात दिला, त्यातल्या नायकांनी ब्लेड जवळजवळ सोडूनच दिलं. मुलाला यात काही दुःख नाही. सफाचट दाढीपेक्षा दाढी 'सेट' करायचे तो जास्त पैसे घेतो, आणि आप्पा ते ऐकले की दर वेळी विचारतात, "करायनी नही तर पैसा कशाना रे?"