बसते आहे की बसली आहे?

सायली,

‘आजी बसत आहे’ असं म्हटलं की घरचे लगेच दुरुस्त का करतात, हे तू फोनवर विचारलंस. प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

‘बसत आहे’ या रूपाला शाळेच्या व्याकरणात अपूर्ण किंवा चालू वर्तमानकाळ म्हणतात. ‘कोकणात जूनमध्ये पाऊस पडतो’ ही दरवर्षीची रीत झाली. ‘पाऊस पडतोय’ म्हटलं की छत्री शोधायची. ‘उद्या कोल्हापूरला जातोय’ असा ठरलेला बेतही याच रूपात सांगतात. इथवर मराठी आणि इंग्रजी बरोबरीने चालतात.

वाटा वेगळ्या होतात त्या बसणं, झोपणं, नेसणं, घालणं अशा क्रियापदांपाशी. क्रिया अजून घडते आहे, की घडून गेली आणि तिची अवस्था उरली आहे, हे मराठी आधी विचारते. ‘आजी बसते आहे’ म्हणजे गुडघे सांभाळत, हात टेकत ती खाली होते आहे. एकदा टेकली की ‘आजी बसली आहे’. ‘आई साडी नेसते आहे’ म्हणजे निऱ्या अजून हातात आहेत, पाहुण्यांना जरा थांबवा. ‘नेसली आहे’ म्हणजे ती दार उघडायलाही येईल. इंग्रजीत खुर्चीत बसलेल्या, गाढ झोपलेल्या, साडी नेसलेल्या बाईलाही चालू काळच लावतात. तुझं वाक्य त्या सवयीतून आलं.

इंग्रजीतही हा काळ एकदम रुळला नाही. ‘हॅम्लेट’मध्ये पुस्तक वाचत असलेल्या राजपुत्राला पोलोनियस ‘काय वाचता?’ हे साध्या वर्तमानकाळातच विचारतो.

मराठीत तर आख्खं रूपच जागा बदलून बसलं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या काळी ‘करी’, ‘जाई’ ही वर्तमानाची रूपं होती. पुढे ती जुन्या सवयी सांगू लागली: ‘पणजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे’. रिकाम्या जागी ‘करतो’ आलं. त्याचं मूळ ‘करत असलेला’ अशा अर्थाच्या जुन्या विशेषणात आहे. त्याला ‘आहे’ जोडून ‘करतो आहे’, आणि बोलताना ‘करतोय’.

नकारात तर गंमतच. ‘तो येत नाही’ म्हणजे त्याचं येणंच बंद आहे, असाही अर्थ निघतो. या खेपेपुरतं सांगायचं तर ‘येत नाहीये’. ‘नाही’च्याच गळ्यात ‘आहे’ घालणारं हे रूप मला मराठीतलं अतिशय देखणं रूप वाटतं.

नागपूर-वऱ्हाडाकडे आणखी वेगळं. तिथे विचारतात, ‘काय करून राहिला?’ उत्तर येतं, ‘जेवून राहिलो’. हिंदीतल्या ‘रहा हूँ’ची ठेवण त्यात सरळ दिसते. याला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. चालू क्रिया दाखवायचं काम ते चोख करतं, शिवाय त्या मुलखात ते सगळ्यांच्या तोंडी आहे. तुझ्या नागपूरच्या मावशीला फोन लावशील तेव्हा बिनदिक्कत विचार, ‘मावशी, काय करून राहिली?’

तुझी,
आत्या