दर वेळी जेसीबीचाच दोष नसतो

आमच्या तालुक्यात ग्रामपंचायतीचं नेट बंद पडलं की उत्तर ठरलेलं असतं: जेसीबीनं केबल तोडली. बैठकीत हेच, फोनवर हेच. पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या गावात फायबर आलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

जेसीबी निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. विचारपूस न करता केलेल्या खोदकामामुळे देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, हे सरकारनंच सांगितलंय. त्यासाठी मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आलं. (चारी खणणाऱ्या किती जणांच्या मोबाइलमध्ये ते आहे, हा वेगळा विषय.) पण आमच्याकडच्या एका रस्त्यावर तीन गावांचं नेट गेल्या पावसाळ्यापासून सतत येतंय-जातंय. तिथं कुणी फावडंसुद्धा मारलेलं नाही. गडबड जॉइंटमध्ये आहे.

जॉइंट मारणाऱ्या एका पोरानं मला तो खड्डा उघडून दाखवला. शेजारच्याच तालुक्यातला, आयटीआय झालेला. नाव देत नाही, त्याचं काम जाईल.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. जाडी 125 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. उजेड जातो तो त्याच्याही आतल्या, सुमारे 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन टोकं जोडायची तर वरचं प्लास्टिकचं आवरण सोलायचं, काच सरळ कापायची आणि मशीनमध्ये विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करायची. हे दिसायला फार भारी दिसतं. उद्घाटनाच्या फोटोतही हेच मशीन असतं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. सोललेली काच नागडी असते, बोटाचा धक्का लागला तरी जाईल. म्हणून तिच्यावर स्लीव्ह चढवतात. आत वितळणारी नळी, बाजूला पोलादी काडी, बाहेर आकसणारी नळी. ही जोडायच्या आधीच एका टोकात ओवून ठेवावी लागते. विसरलात तर जॉइंट तोडून पुन्हा पहिल्यापासून. सोललेला भाग पूर्ण झाकून दोन्ही बाजूंचं आवरणही तिच्यात थोडं यायला हवं. मग मशीनच्याच हीटरमध्ये तापवायची, आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. "सर, थंड व्हायलाच कुणाला वेळ नाही," तो म्हणाला. पैसे दिवसाला किती जॉइंट झाले यावर मिळतात.

पण स्लीव्ह फक्त त्या जोडाला आधार देते, अख्ख्या केबलची ओढ तिनं सोसायची नसते. केबलच्या मधोमध एक कडक दांडी असते, ती बॉक्समधल्या स्क्रूखाली आवळायची. भोवतीचे मजबूत धागे बांधायचे, बाहेरचं काळं आवरण क्लॅम्पमध्ये धरायचं. म्हणजे कुणी केबल ओढली तरी ताण दांडीवर आणि आवरणावर राहतो, आत ट्रेमध्ये गुंडाळलेल्या तंतूंना कळतही नाही. गाडीची ओढ जुवावर घ्यायची असते, कासऱ्यावर नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही.

त्या खड्ड्यात काय होतं? दोन्ही दांड्या आखूड कापलेल्या, स्क्रू रिकामे. बॉक्स भिंतीला बसवलेलाच नाही, केबलवर लोंबकळतोय. बाहेर काही मीटर केबलचा लूप सोडायचा असतो, तो नाही. पुलाच्या बाजूची केबल तारेसारखी ताणलेली. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, केबलला ओढाताण होतेच. ती सगळी ओढ केसाएवढ्या काचेवर. झाकणाच्या रबरात माती, त्यामुळे आत पाणी. ताणाखालच्या काचेला पाणी लागलं की तिच्यावरची न दिसणारी चीर हळूहळू वाढत जाते. म्हणून असा जॉइंट बिल निघण्याच्या दिवशी चालू असतो आणि काही महिन्यांनी मरतो.

भारतनेटमधून देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या आहेत. 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी 1.39 लाख कोटी रुपये मंजूर झाले. आकडा मोठा आहे. पण आमच्या या रस्त्यावर कामाची मोजणी किलोमीटरवर आणि जॉइंटच्या संख्येवर झाली, बॉक्स उघडून कुणी पाहिला नाही. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, टेस्टिंग ओके आहे." असेलही. त्या दिवशीचं.

भुर्दंड कुणाला बसतो, तेही सांगतो. पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात गावातलं केंद्र तीन दिवस बंद होतं. एक मावशी सातबारा पिशवीत घालून दोनदा टेम्पोनं तालुक्याला आल्या. पहिल्या दिवशी इथल्या रांगेत नंबर लागला नाही. दोन दिवसांची मजुरी बुडाली, भाडं वेगळं.

ओटीडीआर नावाचं यंत्र केबलमध्ये उजेड सोडून कुठल्या मीटरवर किती तो वाया जातो ते दाखवतं. मोजणी 1310 आणि 1550 नॅनोमीटर अशा दोन्हींवर घेतली आणि 1550 ला नुकसान बरंच जास्त दिसलं, तर तंतू कुठंतरी वाकलाय असं समजायचं. दोन्हींकडे सारखंच जास्त असेल, तर संशय जोडावर घ्यायचा. म्हणजे दोष शोधणं अवघड नाही. या रस्त्याचे दोन्ही रिपोर्ट मी माहिती अधिकारात मागितलेत. अर्ज एका शाखेतून दुसऱ्या शाखेत 'वर्ग' झालाय, एवढंच उत्तर आतापर्यंत आलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांना तीन गोष्टी मागा: ओटीडीआरचा रिपोर्ट, प्रत्येक जॉइंट बॉक्सचा झाकण उघडं असतानाचा फोटो (दांडी स्क्रूखाली दिसली पाहिजे), आणि बाहेर किती मीटर लूप सोडलाय त्याची नोंद. ठराव लिहून घ्या, नुसती चर्चा नको.

त्या खड्ड्याचे फोटो सोबत जोडलेत. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन आलो. बॉक्स अजून लोंबकळतोच आहे, खाली गुडघाभर पाणी.