जाडी कोणती धरायची?

खानदेशातल्या ब्राह्मणपुरी गावाचा परिसर तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचा. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीमुळे. या गटातलं सर्वांत अभ्यासलेलं खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचा पापुद्रा एक नॅनोमीटरहून किंचित पातळ असतो. पापुद्र्यांमध्ये पाण्याचा एक थर शिरला की एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर सुमारे १.२५ नॅनोमीटर होतं, दुसरा शिरला की सुमारे १.५. इतक्या अरुंद जागेतलं प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल, आणि स्थितिस्थापकता थेट मोजणं फार कठीण, म्हणून अणूंच्या हालचालींचं संगणकावर गणित करावं लागतं. या गणितात वावरताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: बलांच्या बेरजेला कोणत्या आकारमानाने भागलं हे सांगितल्याशिवाय स्थानिक प्रतिबलाचा आकडा कुणापुढे ठेवू नये.

प्रत्येक अणूच्या वाट्याला दोन गोष्टी येतात, त्याच्या गतीचा भाग आणि शेजाऱ्यांशी असलेल्या बल व अंतर यांच्या गुणाकारांचा भाग. त्यांच्या बेरजेचं एकक ऊर्जेचं असतं. आकारमानाने भागल्यावरच तिचं प्रतिबल होतं. गणितात अणू ज्या काल्पनिक पेटीत ठेवतात त्या संपूर्ण पेटीचं आकारमान ठाऊक असतं, एका अणूचं मात्र कुठेच ठरलेलं नसतं. म्हणूनच ‘लॅम्प्स’ ही सर्रास वापरली जाणारी संगणकप्रणाली दर अणूमागे प्रतिबल देत नाही, प्रतिबल गुणिले आकारमान देते आणि भागाकार वापरणाऱ्यावर सोडते. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. आता मातीचा पापुद्रा घ्या. दोन्ही पृष्ठभागांवरच्या ऑक्सिजन अणूंच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं तर जाडी सुमारे ०.६६ नॅनोमीटर येते. त्या अणूंचा पसारा धरला तर सुमारे ०.९६. बल तेच, ताणही तेवढाच, तरी पापुद्र्याच्या प्रतलातल्या ताठरपणाचे दोन आकडे निघतात आणि त्यांत जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो. तो मातीतला नसून हिशोबातला आहे.

मग पेटीची सरासरी काढून मोकळं व्हावं, असं कुणी म्हणेल. एकसंध स्फटिकासाठी ते रास्तच आहे. हैदराबादेत जन्मलेले आणि १९६४ साली ८६४ अणूंच्या गणितातून द्रव आर्गॉन उभा करणारे अनीसुर रहमान यांनी पुढे मिकेले पारिनेलो यांच्यासोबत, पेटीचा आकारच बदलू देऊन तिच्या चढउतारांतून स्थितिस्थापकतेचे स्थिरांक काढण्याची वाट दाखवली. पण चिकणमातीत ताठ पापुद्रा आणि मऊ पाणथर एकाआड एक असतात. सरसकट सरासरी घेतली की पाण्याचं प्रमाण आकड्यात मिसळतं आणि पापुद्रे कुठून घसरू लागतील हे त्यातून कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोन अणूंमधलं बल वाटेतल्या कोणत्या बिंदूंवर वाटायचं? आयर्विंग आणि कर्कवुड यांनी १९५० साली सरळ रेषा धरली. पण ती निवड आहे, निसर्गाचा हुकूम नाही. तर मग स्थानिक प्रतिबल काल्पनिकच की काय? मला तसं वाटत नाही. पुरेशा मोठ्या भागावर सरासरी घेतली की वाटेच्या निवडीचा प्रभाव ओसरतो. एका बिंदूवरचा आकडा संकेतावर अवलंबून असतो. काही नॅनोमीटरच्या भागावरचा बऱ्याच अंशी भौतिक. म्हणूनच सरासरीचा भाग सांगणं अटळ आहे.

स्थितिस्थापकतेत सावधगिरी आणखी लागते. सगळे अणू ताणासोबत मुकाट समप्रमाणात सरकतात असं मानून काढलेली ताठरता अवाजवी जास्त येते. त्यातून प्रतिबलाच्या चढउतारांचा भाग वजा करावा लागतो. त्याचं सूत्र १९६९ पासून उपलब्ध आहे. द्रवात तर ही वजाबाकी इतकी पूर्ण होते की कातरताठरता, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध, शून्यावर येते. पाणथर असलेल्या मातीत ती गाळणं मला अक्षम्य वाटतं.

नॅनोमीटरच्या पातळीवरचा ताठरपणाचा हा आकडा घराच्या पायासाठी थेट वापरता येणार नाही, हे खरंच. शेतातल्या भेगा पापुद्र्यांमधल्या फटीहून कोट्यवधी पटींनी रुंद असतात. तरीही फुगण्याची सुरुवात याच फटीत होते. पण चिकणमातीची बरीच संगणकीय प्रारूपं अमेरिकेतल्या वायोमिंगच्या मातीच्या रचनेवर बेतलेली आहेत, त्यांत पापुद्र्यांमध्ये बहुधा सोडियम असतो. आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक ठिकाणी कॅल्शियमचं प्राबल्य असतं. ही उणीव भरून काढायची साधनं जवळच आहेत: मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, महासंगणक पुण्यात आहेत. या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी खानदेशच्या मातीची रचना प्रारूपात घालावी, आणि ताठरपणाच्या आकड्याशेजारी धरलेली जाडी न चुकता लिहावी.