कोंडाण्याचा उंदीर

सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच शिक्षकी पेशांत शिरलों असतां, चिंचवडहून वसतिगृहांतील कांहीं मुलांना घेऊन सिंहगडावर मुक्कामास गेलों होतों. मध्यरात्रीं भाकरीच्या गांठोड्याशीं खुडबुड ऐकूं आली. आम्हीं विजेरी पेटविली आणि उशाची काठी नेमकी हाणली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. मेलेला उंदीर काठीच्या टोंकानें उचलून तटाखालीं टाकला व आम्ही स्वस्थ निजलों.

पुढें कित्येक वर्षांनीं वाचनांत आलें कीं, या गडाच्या माथ्यावर जगांत इतरत्र जवळजवळ कोठेंच न आढळणारा एक उंदीर राहतो. मिश्रा व धांडा या संशोधकांनीं १९७५ सालीं त्याची निराळी जाति म्हणून नोंद केली आणि गडाच्या जुन्या नांवावरून तिला ‘मिलार्डिया कोंडाना’ असें नांव दिलें. अंगावरील केंस मऊ, राहणें जमिनींतील बिळांत, बाहेर पडणें रात्रीं. पुढें आणखी कांहीं ठिकाणींही तो आढळला. तथापि त्याचा सारा संसार अशा मोजक्या डोंगरमाथ्यांवरील झाडोऱ्यापुरता. १६७० सालचा तानाजीचा पराक्रम आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत आहे. त्याच गडावरचा हा बिऱ्हाडकरू मात्र इतकीं वर्षें विद्वानांसही ठाऊक नव्हता! आज चराई, तुटती झाडी आणि आम्हां सहलकऱ्यांची वर्दळ यांमुळें त्याची गणना नष्ट होण्याच्या धोक्यांतील प्राण्यांत होते.

‘मिलार्डिया’ हें नांव मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे चिटणीस मिलर्ड यांच्यावरून पडलें. १९०८ सालीं बाल सलीम अली आपण मारलेली एक चिमणी घेऊन ‘ही कोणती?’ असें विचारावयास गेले, ते याच गृहस्थांकडे. त्या मुलानें निदान विचारलें तरी. आम्ही पदवीधर, पण आम्हीं वांकून पाहिलेंसुद्धां नाहीं. तो साधा घरउंदीर असेल. बहुधा तसेंच असेल.

गेल्या हिवाळ्यांत नववीच्या मुलांना गडावर नेलें, तेव्हां ही हकीकत प्रथमच सांगितली. टाळ्या कोणीं वाजविल्या नाहींत. ज्याचे वडील चाकणला पाळीवर जातात असा एक अबोल मुलगा म्हणाला, “सर, मग तो कोणता होता?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. उतरण्यापूर्वीं मुलांनीं झुडुपाखालील एका बिळापाशीं पडलेल्या वेफर्सच्या पिशव्या गोळा केल्या. तो मुलगा गुडघे टेंकून बिळाच्या तोंडाशीं बराच वेळ पाहत राहिला. आंत अंधार होता, आणि बाहेर भर दुपार.