पनवेलला थांबा, पण चाकांसाठी!

पनवेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एक्स्प्रेस-वे, पळस्प्याची दत्त स्नॅक्सची कोथिंबीर वडी, आणि गणपतीत कोकणाकडे वळलेली गाड्यांची न संपणारी रांग. थांबतो आपण सगळेच, पण फक्त खायला. या गावाची खरी ओळख मात्र चाकांची आहे, आणि ती आजची नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात यायला लागला. तिथून पुढे होडीनं मुंबई. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मोठा धंदा म्हणून गाड्या आणि गाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. घाट चढायच्या आधी चाक बघून घ्यायचं, ही रीत तेव्हापासूनची!

आता बैलगाड्या गेल्या आणि कळंबोली आली. लोखंड बाजार, ट्रक टर्मिनल, न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टायरचे मनोरे. इथे 'ट्रेलर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चाळीस फुटी कंटेनर येतो. त्यामुळे मी पहिल्याच दुकानात "ट्रेलरला टायर हवेत" म्हटल्यावर काकांनी माझ्या मागे ट्रक शोधला. मागे होती आमची कॅराव्हॅन. चार ऑफिसवाल्यांनी वर्गणी काढून सेकंडहँड घेतलेली, एका अ‍ॅक्सलची, गाडीमागे ओढायची. दोन बंक, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हे खूळ आमच्या डोक्यात होतं. आता गुहागरला जायचं ठरलं होतं, आणि त्याआधी टायर दाखवून घ्यायचे होते.

टायर तसे दिसायला झक्कास होते. काटे जवळजवळ नवे. कायद्यानं कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, आमच्यावर तिच्या चौपट असेल. काकांनी काट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. उकिडवे बसले, टायरच्या बाजूवरचा लंबगोलातला आकडा पुसला आणि वाचला : ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. "ताई, कारचा टायर पळून मरतो, हा उभा राहून मरतो," ते म्हणाले आणि रिमजवळच्या बारीक भेगांवरून नख फिरवलं.

अशी गाडी वर्षातले अकरा महिने सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उन्हात उभी असते, एकाच जागी, तेवढंच वजन घेऊन. रबर कडक होत जातं, हवा हळूहळू उतरते, आणि काटे मात्र तसेच राहतात. म्हणून ट्रेलरच्या टायरचं वय मोजायचं. साधारण पाच-सहा वर्षं झाली की काटे कितीही छान असोत, ते बदलायचे.

पण वय ही अर्धीच गोष्ट. काकांचा पुढचा प्रश्न होता, "वजन किती भरतं?" चौघांनी चार आकडे सांगितले. त्यांनी सरळ वजनकाट्यावर पाठवलं. कळंबोलीत वजनकाट्याला तोटा नाही! टाकी भरलेली, सिलिंडर आत, बॅगा, खुर्च्या, कोणाचा तरी गिटार, सगळं जसं प्रवासात असणार तसं ठेवून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेतली. १,०९० किलो.

आता टायरवर साइजनंतर जो आकडा असतो, तो बघा. आमच्यावर होतं १६५/८० आर १४, पुढे ८५ टी. इंग्रजी टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. तो आम्हाला काय करायचाय? ८५ महत्त्वाचा. तो भाराचा निर्देशांक, आणि ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. दोन टायरचे झाले १,०३०. म्हणजे बॅगा भरून निघालो की पहिल्या किलोमीटरपासून टायर क्षमतेच्या वर. त्यात टाकी आणि सिलिंडर एकाच बाजूला, म्हणजे त्या बाजूचं चाक आणखी वैतागलेलं. हे ऐकून चौघंही जरा गप्प झालो.

टायर फुटतो तो बहुतेकदा उष्णतेनं. भार जास्त किंवा हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापत जाते आणि शेवटी थर सुटतात. कारमध्ये निदान स्टिअरिंग ओढतं, आवाज येतो. मागच्या ट्रेलरचं आपल्याला काही कळत नाही, मागचा गाडीवाला डिपर मारायला लागेपर्यंत. तोवर फाटलेलं रबर चाकावरचा पत्रा उचकटून मोकळं होतं, आणि आमची गॅसची नळी नेमकी त्याच्या वरून जाते.

शेजारच्या एका चकाचक शोरूमनं रुंद, देखणे, अलॉयवर शोभणारे कारचे टायर सुचवले. गाडी मऊ चालेल म्हणे. पण मागे बसतंय कोण? काकांनी काढले छोटा हत्तीच्या जातभाईंना लागतात ते एलटी टायर : १६५ आर १४, ८ पीआर, निर्देशांक ९७/९५. एका बाजूला एकच चाक असेल तर पहिला आकडा धरायचा, जोडचाक असेल तर दुसरा. ९७ म्हणजे ७३० किलो, दोघांचे १,४६०. आमच्या १,०९० वर भरपूर सवड राहिली. टायरवर आयएसआयची खूण होती, आणि तारीख मी स्वतः वाचली, तीन महिन्यांपूर्वीची. दुकानदाराला याचा राग येत नाही, इथे ट्रकवाले रोज तेच करतात.

मात्र या टायरला कारची बत्तीस-तेहतीस पीएसआय हवा भरून चालत नाही. ७३० किलो उचलायला त्याला बाजूवर लिहिलेला पूर्ण दाब लागतो, साठच्या पुढचा, आणि तोही टायर गार असताना मोजलेला. म्हणून रिम तेवढा दाब झेलतं का, हे आधी तपासलं आणि रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवले. नायट्रोजन भरू का, असंही कोणीतरी विचारलं. भरा हवा तर, पण साधी हवा वेळच्या वेळी मोजलीत तरी पुष्कळ. रिमोल्डचं नाव मात्र ट्रेलरला काढू नका, ते ट्रकवाल्यांचं गणित वेगळं.

स्टेपनीही त्याच मापाची, त्याच क्षमतेची घेतली. जुनी तशीच ठेवून पैसे वाचवायचे, असं एकाचं म्हणणं होतं. पण ती ज्या दिवशी लागणार, त्या दिवशी आम्ही गोवा हायवेवर पावसात, सगळं सामान घेऊन असणार, हे त्यालाही पटलं.

निघताना काका म्हणाले, "शंभर किलोमीटरवर नट परत आवळा." पळस्पे, कर्नाळा, पेण करत माणगावला चहाला थांबलो तेव्हा पाना काढला. डावीकडचे दोन नट पाव फेरा आत गेले. दोन्ही टायरना हात लावून बघितला : कोमट, आणि दोन्ही सारखेच कोमट.