अर्धी जीभ

कोहळ्याला पहिली सुरी बाईमाणसानं लावायची नाही, असा आमच्याकडे नेम. आई एरवी नेमधर्माच्या फार मागे लागत नाही. साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून एकादशी, इतपतच. पण कोहळ्यापुढे तिचं काही चालत नाही. शेजारच्या छत्तीसगढी काकीही रखिया, म्हणजे कोहळाच, चिरण्याआधी नवऱ्याला हाक मारतात. दोघींना कारण विचारलं तर दोघी एकच उत्तर देतात: "नसतं लावत."

बाबांचे हात आता थरथरतात. म्हणून नाताळच्या सुट्टीतल्या त्या सकाळी घरातला पुरुष म्हणून मला उठवण्यात आलं. उठवण्यात आलं असं म्हणायचं एवढंच. मी रात्रभर जागाच होतो. डावीकडची खालची दाढ. आडवं झालं की ठणका वाढायचा, बसलं की जरा उतरायचा, आणि मधूनच कानात सणक जायची. कान अगदी धडधाकट होता. पण जबडा आणि कानाचा परिसर यांच्या खबरा एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांतून वर जातात, त्यामुळे मेंदूलाच कधीकधी पत्ता चुकतो. तीन वाजता आईनं लवंग आणून दिली. लवंगेतलं युजेनॉल खरंच जागा बधिर करतं, साडेतीनपर्यंत केलं. मग साडेतीनपासून सहापर्यंत मी खिडकीतून भिलाईच्या सेक्टर 2 ची सामसूम सडक पाहत बसलो. पोलाद कारखान्यातली सहाची शिफ्ट धरायला निघालेल्या सायकली आणि मोटारसायकली कानटोप्या घालून एकामागून एक गेल्या.

"काहून रे, चेहरा किती सुजला," आई म्हणाली. आणि सुरा हातात दिला.

कोहळ्यावर पांढरी भुकटी असते, भस्म फासल्यासारखी. सुरा टेकवला की ती बोटांना लागते. साल इतकं टणक की पातं आधी घसरतं. मग एकदम आत जातं आणि थंडगार, पाणीदार वास येतो. माझा एक हात गालावर, एक सुऱ्यावर. दोन फाका झाल्या. माझं काम संपलं. पुढचं सगळं बायकांचं: आईनं विळी ओढली, बायकोनं किसणी घेतली, रात्री भिजवलेली उडदाची डाळ टरफलं चोळून परातीत वाट पाहत होती. मी दवाखान्यात निघालो.

इथं मुलीची गोष्ट सांगायला हवी. ती दहा वर्षांची आहे आणि तिला ळ येत नाही. ऐकायला येतो, लिहायला येतो, जिभेवर येत नाही. शाळेत हिंदी, खेळताना हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. ती 'सकाली' उठते, 'डाल' खाते, आणि परातीकडे बघून म्हणाली, "आजी, कोहला किती पांढरा!" मला याचं काही वाटत नाही. आईला वाटतं. "शेजारची चेची केरळची, तिला येतो. समोरच्या तेलुगूवाल्यांना येतो. त्या ओडियांना येतो. आपल्याच पोरीला काहून येत नाही?" भाषाशास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. अय्यप्पा मंदिराच्या रांगेत उभं राहिलं तर आमच्या सेक्टरात ळ चांगला भरभक्कम ऐकू येतो. दुष्काळ आहे तो आमच्याच घरात.

चंद्रा-मौर्या टॉकीजच्या अंडरब्रिजखालून स्कूटर काढताना वरून मालगाडी गेली. पुलाखालच्या प्रत्येक हादऱ्याला दाढेनं दाद दिली.

डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. वरून ठणठणीत दिसणाऱ्या दाढेच्या पोटात काळी सावली, पार मुळाकडे गेलेली. मला बाबा आठवले. ते 1966 मध्ये अमरावतीहून इथं आले आणि कारखान्याच्या रेल मिलमध्ये लागले. त्यांचे सोबती 'पटरी' म्हणत; बाबा हिंदी बोलतानाही 'रूळ'च म्हणत. घरी आले की सांगायचे: रूळ वरून आरशासारखा दिसतो, पण आत केसाएवढी भेग असली तर गाडीखाली कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून ध्वनिलहरी सोडून पोट तपासायचं. आता भिलाईहून 260 मीटर लांबीचे जोडलेले रूळ रेल्वेकडे जातात. तपासणीचं तत्त्व तेच. खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला एवढं सुचलं, हेही पुष्कळ.

इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत अर्धा ओठ परका झाला, मग जिभेची डावी बाजूही. डॉक्टर केसासारख्या बारीक सुया एकेक करून मुळांत फिरवू लागले. ट्रेमध्ये एका डबीत नारिंगी-गुलाबी काड्या होत्या, उदबत्तीच्या टोकाएवढ्या. काम थांबल्यावर मी बोटानं विचारलं. "गट्टापर्चा. पुढच्या वेळी मुळांत हे भरायचं."

गट्टापर्चा हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्रतळाच्या तारायंत्राच्या केबलींना याचंच वेष्टण असे; 1858 साली अटलांटिकपार पहिला संदेश गेला तो याच चिकाच्या आवरणातून. आणि हे झाड आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातलं. छत्तीसगढात राहून दाढेत मोहाचा चुलतभाऊ भरून घ्यायचा, हे मला फारच आवडलं. डॉक्टरांना सांगायला गेलो तर तोंडातून निघालं ते असं: "मोहाच्या कुलातलं."

त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं, एवढीच ळ ची कसरत. पण अर्धी जीभ झोपलेली असली की ती वळत नाही, नुसती लोळते. परतताना हेल्मेटच्या आत मी सगळे शब्द म्हणून पाहिले. सकाल. डाल. रूल. मूल, म्हणजे मुळाचंही पोरच झालं. 'मूळचे कुठले?' हा इथं प्रत्येकाला विचारला जाणारा प्रश्न मला त्या दिवशी विचारताच आला नसता. बाबा त्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर देतात. ते जन्मले तेव्हा अमरावती आणि इथलं दुर्ग एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. 1956 मध्ये रेघ त्यांच्या मधून गेली. "मी कुठं गेलो नाही, मी तर त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत आलो." मग ते हसतात आणि कवळी जरा सैल होते.

घरी अंगणात खाट टाकलेली होती, तिच्यावर आईचं जुनं सुती लुगडं पसरलेलं. आई पीठ फेसत होती. कोहळ्याचा पिळलेला कीस, वाटलेली डाळ, आलं, मिरची. आणि हातानं एकाच दिशेनं फेसायचं, खांदा भरून येईपर्यंत. शेजारी पाण्याची वाटी. मधूनच एक थेंब पाण्यात सोडायचा. बुडाला तर अजून फेसायचं. तरंगला तर हवा भरली, सांडगे हलके होणार. तीन थेंब बुडाले. चौथा वर आला आणि डुलत राहिला.

"झालं का रे?" आईनं विचारलं.

"झालं. कोहला छान फेसलाय," मी म्हणालो.

बायको आधी हसली. आईनं हात थांबवला. मुलगी तर खाटेवर आडवीच झाली. "बाबा पण कोहला म्हणतात! आजी, बाबा पण!"

आईला हसू आवरेना आणि ते तिला दाखवायचंही नव्हतं. "त्याला सुई टोचली आहे," ती म्हणाली. "तुले कोणं टोचली?"

दुपारभर आम्ही दोघं खाटेशी बसलो. सांडगे घालायचं काम मुलीचं आणि माझं, कारण मला बधिरपणा उतरेपर्यंत जेवायचं नव्हतं. गाल चावला जाईल म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. चिमटीतून एकेक सांडगा सुटत होता, आणि प्रत्येकागणिक आम्ही एकदा 'कोहळा' म्हणून पाहत होतो. जीभ कुठं लावायची ते मी तिला बोटानं दाखवलं. माझी लागत नव्हती, तिची लागत नव्हती. बाबा कवळी काढून काठी घेऊन उन्हात बसले होते. खारीला म्हणाले, "पळ!" बिनदातांचा, पण अस्सल.

साडेतीनच्या सुमारास ओठाला मुंग्या आल्या. चौथ्या ओळीच्या मध्यावर मुलगी एकदम थांबली. तोंड बंद, डोळे वर, आतल्या आत काहीतरी जुळवत. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं: "कोहळा."

झाला होता. स्वच्छ. मी अजून लोळवतच होतो.

"आजी!" मी हाक मारली. "इकडे ये, ऐक जरा."

आई पदराला हात पुसत आली. मुलीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्या वाकड्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढचा सांडगा सोडत म्हणाली, "कोहला."